एका आईची चिकाटी आणि बालमेंदूचे रसायन

वाचकहो, आपल्या मुहल्ल्यात एखादे मूल अडीच-तीन वर्षांचे होऊनही बोलेना, आईकडे पाहून हसेना, की घरात काय कुजबुज सुरू होते हे आपणास ठाऊक आहे. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी आसेब म्हणतो. आणि बहुधा सारा दोष आईच्या पदरात टाकला जातो. म्हणूनच नॉर्वेमधील एका आईची हकिकत आपणापुढे ठेवीत आहे.

या बाईंना एक मुलगी व एक मुलगा. जन्मतः दोघेही निरोगी दिसत. पण मुलगी उशिरा चालू लागली आणि मोजकेच शब्द बोलू शकली. मुलगा तर तिच्याहूनही मागे राहिला. दोघांच्या अंगाला एक विचित्र, कुबट वास येई. आई डॉक्टरांचे उंबरठे झिजवीत राहिली, पण त्या वासाकडे कोणी लक्ष दिले नाही. अखेर १९३४ साली ती ऑस्लोचे डॉ. आस्ब्यॉर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोचली. फोलिंग वैद्य होते, तसेच रसायनशास्त्राचे जाणकारही होते. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकताच ती गर्द हिरवी झाली. औषधांचा परिणाम असेल म्हणून त्यांनी औषधे बंद करवून पुन्हा पाहिले, तरी रंग तोच! मग आईने वीसएक लिटर लघवी साठवून आणून दिली, आणि तीतून त्यांनी फिनाइलपायरुविक आम्ल शोधून काढले. पुढे मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची तपासणी केली असता त्यांना असेच आणखी ८ रुग्ण सापडले.

हे आम्ल येते कोठून? दूध, डाळ, मांस, अंडी यांतील प्रथिनांत फिनाइलॅलॅनिन नावाचा घटक असतो. यकृतातील एक विकर (एन्झाइम) त्याचे रूपांतर करते. काही बालकांत ते विकर जन्मतःच निकामी असते. मग हा घटक रक्तात साचतो, मेंदूत शिरतो, आणि त्याच वाटेने जाणाऱ्या इतर आवश्यक घटकांना वाट मिळत नाही. मज्जातंतूंवरचे वेष्टन नीट तयार होत नाही. डोपामिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये कमी पडतात. आईच्या पोटात असताना आईचे यकृत बाळाचे रक्षण करते. जन्मानंतर मात्र पहिल्याच दुधापासून हानीस आरंभ होतो. विकाराचे नाव फिनाइलकीटोनयुरिया.

उपचार सापडण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली, आणि तेथेही हट्ट एका आईचाच! बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात ती रोज येऊन डॉ. होर्स्ट बिकेल यांना माझ्या मुलीसाठी काही करा, असे विनवी. बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलॅलॅनिन काढून टाकलेला आहार तयार केला. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली. तिचे सततचे रडणे व डोके आपटणे थांबले. खात्री करण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता तो घटक पुन्हा आहारात मिसळला, आणि मुलगी लगेच पूर्ववत झाली. आईला न विचारता केलेला हा प्रयोग मला तरी पटत नाही. १९५३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र गेलेली बुद्धी पुरती परत आली नाही. नॉर्वेच्या त्या दोन मुलांना तर या शोधाचा काहीच लाभ झाला नाही.

म्हणजे रोग लक्षणांपूर्वीच ओळखायला हवा होता. अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्यांनी बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन करावयाची स्वस्त चाचणी काढली. त्यामुळे अनेक देशांतील असंख्य मुले सर्वसाधारण बुद्धीची म्हणून वाढली. आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी आपोआप होतेच असे नाही. ती विचारून करवून घ्यावी लागते.

एक गोष्ट आपल्या समाजापुरती स्पष्ट बोलतो. हा दोष आई व बाप दोघांकडून आला तरच मुलात प्रकट होतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी चारात एक अशी शक्यता. चुलत-मामे-मावस भावंडांच्या लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. असे लग्न शरीअतने जायज ठेवले आहे, फर्ज केलेले नाही. ज्या घरात अशी मुले झाली आहेत तेथे सोयरीक ठरविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कसला गुनाह?

पूर्वी समज असा होता की मेंदूची वाढ झाली, आता पथ्य सोडावे. पथ्य सोडलेल्या तरुणांत एकाग्रता ढळणे, चिंता, उदासी दिसू लागली, आणि आज ते जन्मभर पाळावयास सांगतात. पथ्यामुळे वाचलेल्या मुली मोठ्या होऊन आई झाल्या, तेव्हा आणखी एक प्रकार ध्यानात आला. पथ्य सुटलेले असेल तर आईच्या रक्तातील तो घटक पोटातील बाळाच्या मेंदूला व हृदयाला इजा करतो, मग बाळात स्वतः तो दोष नसला तरीही. म्हणून अशा स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच पथ्य पुन्हा सुरू करावयाचे असते.