इंग्लंडची काच चालणार नाही

वॉरिक हे इंग्लंडमधलं छोटं गाव. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड तिथून जवळच. वॉरिकला लोक जातात ते किल्ला बघायला, आणि मीही त्यासाठीच गेलो होतो. पण पाऊस आला, म्हणून गावातल्या सेंट मेरी चर्चमध्ये शिरलो. तिथे उजव्या अंगाला काही पायऱ्या उतरून एक चॅपल आहे. किल्ल्याचा त्या दिवशी मला विसरच पडला.

हे बोशाम चॅपल. एका माणसाने स्वतःच्या थडग्यासाठी बांधवून घेतलेलं. माणूस साधा नव्हता. रिचर्ड बोशाम, वॉरिकचा अर्ल, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात बड्या सरदारांपैकी एक. लहानग्या सहाव्या हेन्रीचं शिक्षण याच्याकडे सोपवलेलं होतं. 1431 मध्ये रूआँच्या किल्ल्यात जोन ऑफ आर्कवर खटला चालला, तेव्हा त्या किल्ल्याचा ताबा याच्याकडेच होता. 1439 मध्ये तो रूआँलाच वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं की वॉरिकला चांगलं देखणं चॅपल बांधा, मला त्यात ठेवा आणि माझ्या आत्म्यासाठी तिथे रोज प्रार्थना होऊ द्या.

काम 1443 च्या सुमारास सुरू झालं. खिडक्यांचं कंत्राट 1447 चं आहे, आणि त्याचा मजकूर आज आपल्याला वाचता येतो. काच बसवणारा जॉन प्रूड हा वेस्टमिन्स्टरचा, खुद्द राजाचा कारागीर. त्याला घातलेल्या अटी वाचताना मला हसू आलं. काच समुद्रापलीकडची हवी, इंग्लंडची अजिबात चालणार नाही. निळा, पिवळा, लाल, जांभळा असे उंची रंग भरपूर वापरायचे; पांढरी, हिरवी आणि काळी काच अगदी लागेल तेवढीच. आपल्याकडे 'विलायती माल' म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या माना डोलायच्या. आणि इथे खुद्द विलायतेत बाहेरच्या मालाचा हट्ट! पण हट्टाला कारण होतं. रंगीत काच त्या काळी युरोपातून, विशेषतः ऱ्हाइनकाठच्या आणि फ्रान्समधल्या भट्ट्यांमधून यायची. इंग्लंडमधल्या भट्ट्यांची काच प्रामुख्याने बिनरंगी असे.

दर ठरला चौरस फुटाला 2 शिलिंग, म्हणजे 24 पेन्स. कुशल गवंड्याला तेव्हा दिवसाला 6 पेन्सच्या आसपास मिळत. एका फुटाला त्याची चार दिवसांची मजुरी झाली.

पैसे कुठे गेले ते जवळ गेल्यावर कळतं. स्टेन्ड ग्लासमध्ये निळी, लाल काच मुळातच रंगीत असते. तिचे तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांमध्ये बसवतात. चेहरे, केस, कपड्यांच्या चुण्या हे सगळं तपकिरी-काळ्या रंगाने काचेवर काढून भट्टीत भाजतात. पिवळ्याची युक्ती वेगळी: काचेच्या मागच्या बाजूला चांदीचा क्षार लावून भाजला की ती काच पिवळी होते. संतांच्या झग्यांचे काठ रत्नजडित दाखवायचे, तर बाकीचे कारागीर ती रत्नं रंगवून मोकळे होत. प्रूडने इथे लाल, निळ्या काचेचे नखाएवढे तुकडे वेगवेगळे कापून त्या काठांमध्ये अक्षरशः जडवले. एवढ्या छोट्या कामात काच तडकण्याची भीती मोठी. शिवाय खालून बघणाऱ्याला ते नीट दिसणारही नव्हतं.

पुढची गोष्ट मला तारखा लावून बघताना लक्षात आली, आणि मग ती डोक्यातून जाईना. अर्लला मुलगा एकच, हेन्री. तो 1446 मध्ये, एकवीस वर्षांचा असताना वारला. त्याची लहानगी मुलगी 1449 मध्ये गेली. म्हणजे खिडक्यांच्या कंत्राटावर सह्या झाल्या तेव्हा त्या घराण्याचं नाव चालवणारा मुलगा आधीच गेलेला होता. मृत्युपत्राची व्यवस्था बघणारी माणसं तरीही अटी लिहीत होती, निळी काच कुठून आणायची ते ठरवत होती. पदवी आणि जहागीर गेली जावयाकडे, रिचर्ड नेव्हिलकडे. इतिहासात 'किंगमेकर' म्हणतात तो हाच. 1471 मध्ये तो लढाईत पडला. 1474 मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून त्याच्या बायकोला, म्हणजे अर्लच्या मुलीला, जिवंतपणी मेलेली ठरवलं, कारण तिच्या इस्टेटीवर राजाच्या भावांचा डोळा होता. दुसऱ्याच वर्षी चॅपलचा विधिवत अभिषेक झाला.

आमच्या गावच्या देवळात सभामंडपातल्या पंख्यावर माझ्या पणजोबांचं नाव होतं. 'कै.' आणि 'यांच्या स्मरणार्थ' सकट, प्रत्येक पात्यावर. पंखा फिरू लागला की नाव दिसेनासं व्हायचं; लोडशेडिंग झालं की वाचता यायचं. नंतर देवळाचा जीर्णोद्धार झाला, पंखा बदलला. नव्या पंख्यावर दुसऱ्या कोणाचे तरी पणजोबा आहेत. वडील त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, पण देवळात गेले की एकदा वर बघतात.

अर्लच्या बाबतीत पंखा बदलायला शंभर वर्षंही लागली नाहीत. आठव्या हेन्रीने धर्मव्यवस्थाच उलटीपालटी केली आणि 1544 मध्ये चर्चमधली पुरोहितांची संस्था बंद झाली. मृतांसाठी प्रार्थना करणं हेच पुढे अंधश्रद्धेत जमा झालं. नंतर इथे डडली घराण्यातले लोक पुरले गेले. पहिल्या एलिझाबेथचा लाडका रॉबर्ट डडली त्यांतलाच, आणि शेजारीच त्याचं तीन वर्षांचं पोर.

मग 1640 च्या दशकात यादवी युद्ध पेटलं. संसदेच्या बाजूच्या सैनिकांना संतांची चित्रं म्हणजे मूर्तिपूजा वाटायची. त्यांनी खिडक्या फोडल्या. वॉरिकशरचाच एक इतिहासवेडा माणूस, विल्यम डगडेल, असं काहीतरी होणार हे ओळखून युद्धाच्या तोंडावर एका चित्रकाराला घेऊन चर्चमागून चर्च फिरत होता, थडगी आणि काचा कागदावर उतरवून घेत होता. 1656 मध्ये त्याने वॉरिकशरवर जाडजूड ग्रंथ काढला. प्रूडचं कंत्राट आपल्यापर्यंत आलं ते त्यामुळे. नाहीतर काच समुद्रापलीकडची होती, हे आज कोण सांगणार होतं?

1694 मध्ये गावाला भीषण आग लागली. चर्चचा मुख्य भाग जळाला, चॅपल वाचलं.

पूर्वेच्या मोठ्या खिडकीत आज दिसतात ते बरेचसे गोळा करून जोडलेले तुकडे. टॉमस बेकेट, ऑल्बन असे काही संत ओळखू येतात. मधेच झग्याचा एखादा काठ असा असतो की त्याच्या वर चेहराच नाही, पण काठातली रत्नं जागच्या जागी. खाली मधोमध अर्लचा सोनेरी मुलामा दिलेला पितळी पुतळा आडवा आहे. हातांवरच्या शिरासुद्धा दिसतात. ते हात जोडलेले नाहीत, किंचित विलग आहेत, आणि नजर सरळ छताकडे, तिथे कोरलेल्या मेरीकडे. तिला काही झालेलं नाही.

बाजूच्या खिडक्यांच्या अगदी वरच्या टोकांना, दगडी जाळीच्या छोट्या छोट्या खणांत, देवदूत आहेत. कोणाच्या हातात हार्प, कोणाकडे ल्यूट, कोणाकडे छोटा ऑर्गन, एकजण तर चक्क बॅगपाइप वाजवतोय. काहींनी कागदाच्या गुंडाळ्या धरल्यात आणि त्यांवर लॅटिन शब्दांसोबत स्वर लिहिले आहेत. सैनिकांच्या हाताला ते लागले नसावेत. मी फोनवर झूम करून एक गुंडाळी बघितली. चार रेघा, त्यांवर चौकोनी ठिपके. संगीत शिकलेली एक मैत्रीण आहे, तिला फोटो पाठवला. संध्याकाळी तिची व्हॉइस नोट आली, अकरा सेकंदांची. आधी ती थोडी हसते, मग घसा साफ करते आणि गाते.