उपग्रह दूरचित्रवाणी ग्राहीचे ट्यूनिंग

उपग्रहाच्या विशिष्ट ट्रान्सपाँडरवरील संकेत पकडण्यासाठी सेट टॉप बॉक्समध्ये भरावयाच्या मूल्यांचा संच. डीव्हीबी-एस मानक १९९० च्या दशकात रूढ झाले [→ अंकीय प्रसारण] आणि वारंवारता, ध्रुवण व सिम्बॉल रेट हे त्रिकूट स्थिरावले. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेने ते भारतात घरोघरी नेले.

निर्णायक ठरते ते मात्र सहसा दुर्लक्षिले जाणारे मूल्य : एलएनबीतील (डिशवर बसवलेल्या, वारंवारता उतरवणाऱ्या घटकातील) स्थानिक आंदोलकाची वारंवारता. कारण उपग्रहाची मूळ वारंवारता ग्राहीपर्यंत पोचतच नाही. केयू पट्ट्यातील ११,०९० मेगाहर्ट्‌झमधून आंदोलकाचे ९,७५० वजा होऊन केबलमध्ये १,३४० मेगाहर्ट्‌झच उतरतात. युनिव्हर्सल एलएनबीत ११,७०० च्या वरच्या संकेतांसाठी २२ किलोहर्ट्‌झचा टोन आंदोलकाला १०,६०० वर नेतो. ग्राहीने केबलमधून दिलेल्या १३ व्होल्टला उभे, १८ व्होल्टला आडवे ध्रुवण निवडले जाते [→ ध्रुवण]. ब्लाइंड स्कॅनमुळे (मूल्ये न भरता ग्राहीने आपोआप केलेल्या शोधामुळे) ही आकडेमोड निरर्थक झाली, हा आक्षेप अपुरा आहे. स्कॅनही केबलमधील वारंवारताच चाळतो. आंदोलकाचा आकडा चुकला, तर सापडलेल्या वाहिनीपुढे चुकीची वारंवारता मांडतो. ‘स्ट्रेंग्थ’ भरपूर दिसते म्हणजे मांडणी बरोबर, हे अनुमानही फसवे (आणि फार प्रचलित) आहे. ‘स्ट्रेंग्थ’च्या पट्टीत एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो. ‘क्वालिटी’ मात्र संकेत प्रत्यक्ष उकलू लागल्यावरच चढते [→ डिश अँटेना].