पाहावयास गेलेला राजा

पन्हाळ्याचे धुके ठाऊक नसलेला कोल्हापूरकर विरळा. आषाढ-श्रावणात तटावर उभे राहावे, तोच समोरचा सारा प्रदेश नाहीसा व्हावा आणि घटकाभराने जोतिबाच्या डोंगराने पुन्हा डोके वर काढावे, हा खेळ पाहण्यासाठी येथील कुटुंबे शिदोरी बांधून गडावर जात आली आहेत. ते धुके पांढरे, ओले व श्वासास सुखविणारे. याच करवीरचा एक वीस वर्षांचा राजा १८७० साली अगदी निराळ्या धुक्याचे शहर पाहावयास गेला. समुद्राची भरती-ओहोटी जिच्या पाण्याला रोज हलविते त्या टेम्स नदीवरील ते बंदर म्हणजे लंडन. तेथील धुके लाखो घरांतील दगडी कोळशाच्या धुराने पिवळे व काळपट होई आणि भर दुपारी दिवे लावावयास लावी. त्या राजाने तेथे रोजनिशी ठेविली. पण ती पुस्तकरूपाने पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते.

मराठी माणूस लंडनास त्यापूर्वी गेला नव्हता असे नाही. राघोबादादांनी पाठविलेले वकील हनुमंतराव १७८१ साली तेथे होते. त्यांच्यासमवेत मणियार नावाचे पारशी पितापुत्रही होते. त्यांच्या सोवळ्याची पंचाईत पाहून एडमंड बर्क यांनी आपल्या मळ्यातील काचघर त्यांस स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. परत आल्यावर हनुमंतरावांस समुद्रगमनाचे जे प्रायश्चित्त घ्यावे लागले, तेही इंग्रज लेखकांनी मोठ्या कुतूहलाने नमूद करून ठेविले आहे. पुढे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गेले, आणि १८५३ पर्यंत त्या शहराचे उंबरठे झिजवून रित्या हाताने परतले. या दोघांनीही लंडन पाहिले असेल. परंतु ज्याच्या मनात अर्जाच्या निकालाची धास्ती आहे, त्याच्या डोळ्यांस शहर दिसते तरी किती? राजाराम महाराजांची गोष्ट वेगळी. त्यांच्या खिशात कसलाही अर्ज नव्हता. ते गेले ते पाहावयास. राज्यावर असलेल्या हिंदू राजांपैकी विलायतेस जाणारे ते पहिले मानले जातात.

अर्थात ‘राज्यावर असलेले’ हे शब्द थोडे जपूनच वापरावयास हवेत. १८६६ साली ते गादीवर आले, तरी कारभाराची सूत्रे पोलिटिकल एजंटाच्या हाती होती. प्रवासात त्यांच्याबरोबर होते ते कॅप्टन वेस्टही त्याच खात्यातील अधिकारी. महाराजांनी रोजनिशी इंग्रजीत लिहिली आणि त्यांच्या मागे १८७२ साली लंडनमध्ये याच वेस्टसाहेबांनी ती छापून प्रसिद्ध केली. ज्याच्या नजरेखाली लिहावयाचे, त्यानेच पुढे संपादन करावयाचे! या पुस्तकात राजाच्या मनीचे गुज शोधणाऱ्याने ही गोष्ट विसरून चालणार नाही. नोंदी साध्या, आटोपशीर, गुणी विद्यार्थ्याने गुरुजींस दाखविण्यासाठी लिहाव्या तशा. कोठे गेलो, कोण भेटले, काय पाहिले. तक्रार जवळजवळ नाहीच. मला तर या पुस्तकात जे लिहिलेले नाही तेच अधिक बोलके वाटते.

जूनच्या मध्यास महाराज लंडनास पोहोचले. तो उन्हाळा त्या शहराच्या इतिहासात मोठ्या गडबडीचा होता. टेम्सच्या काठी नवा प्रशस्त बांध १३ जुलै रोजी खुला झाला. ज्या नदीच्या दुर्गंधीने १८५८ साली पार्लमेंटातील सभासदांस बसवेना, तिच्या तीरावर आता लोक हवा खाण्यास फिरू लागले. जमिनीखालून आगगाडी धावू लागल्यास सात वर्षे झाली होती. पार्लमेंटात आयर्लंडच्या जमिनींचा आणि मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा असे दोन मोठे कायदे त्याच वर्षी संमत झाले. मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांची महाराजांशी भेट झाली, राणी व्हिक्टोरियाने मुलाखत दिली, दादाभाई नौरोजीही त्यांस भेटले.

पण या साऱ्या भेटींत माझे मन पुन्हा पुन्हा रेंगाळते ते दुलीपसिंगांच्या भेटीपाशी. लाहोरचे राज्य १८४९ साली खालसा झाले तेव्हा दुलीपसिंग दहा वर्षांचे होते. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, विलायतेस वास्तव्य केले आणि इंग्रज जमीनदारांप्रमाणे शिकारी व मेजवान्यांत ते दिवस घालवू लागले. एकाचे राज्य गेलेले, दुसऱ्याचे नावापुरते राहिलेले. एक आपला देश दुरावलेला, तर दुसरा काही महिन्यांत घरी परतण्याच्या विचारात. लंडनच्या लोकांस दोघेही सारखेच प्रेक्षणीय! शहर पाहावयास निघालेल्या या तरुणाकडेच शहर टक लावून पाहत होते, हे त्याच्या ध्यानी आले नसेल असे कसे म्हणावे?

शरदात परतीची तयारी झाली. मध्यंतरी १९ जुलै रोजी फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले होते, म्हणून फ्रान्सची वाट सोडून बेल्जियम, जर्मनी व आल्प्स पर्वत या मार्गाने मंडळी इटलीत उतरली. वाटेत महाराजांची प्रकृती बिघडली. त्या काळी इटलीची राजधानी असलेल्या फ्लॉरेन्स शहरात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, एका हॉटेलात त्यांचे देहावसान झाले.

आता सोबतच्या माणसांपुढे मोठाच पेच पडला. परका मुलूख, दहनाची चाल तेथे नाही, आणि राजाचे अंत्यसंस्कार तर यथाविधी व्हावयास हवेत. अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. शहराबाहेरील काशीने उद्यानाच्या टोकास आर्नो व मुन्योने या नद्या मिळतात. तेथे रात्री चिता रचली गेली. करवीरच्या राजघराण्याच्या समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत. त्या घाटापासून हजारो कोस दूर असताही संगमच शोधून काढावा, हे त्या परक्या रात्री कोणास सुचले असेल? राज्यकारभाराच्या कागदांत अशा माणसांची नावे क्वचितच सापडतात.

त्याच जागी १८७४ साली छत्री उभी राहिली. आत फुलर या शिल्पकाराने घडविलेला, रंग दिलेला अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मँट यांचा. हेच मँट पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे स्थापत्यकार झाले. आपल्या टाउन हॉलचा आराखडाही त्यांचाच. राजवाडा पाहणाऱ्या शाळकरी मुलांस हे कोणी सांगत असेल असे वाटत नाही. आमच्या गावी महाराजांचे नाव राहिले ते राजाराम कॉलेजाच्या रूपाने. ज्या कॉलेजात पुढे गोपाळ कृष्ण गोखले शिकले, तेच हे.

गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज १८८३ साली अहमदनगर येथे वारले. त्यांच्यामागून १८८४ साली शाहू महाराज दत्तक आले. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली शाहू महाराज विलायतेस गेले. मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा २६ जुलैचा हुकूम त्याच प्रवासातला. त्याच प्रवासात त्यांनी फ्लॉरेन्सला जाऊन ही समाधी पाहिली. आजोबांच्या ठिकाणी असलेल्या, पण कधी न पाहिलेल्या, वयाची विशी उलटण्यापूर्वीच गेलेल्या त्या पूर्वजापुढे अठ्ठावीस वर्षांचा नातू उभा होता. घराण्यातील माणूस तेथे प्रथम आला तो बत्तीस वर्षांनी.

फ्लॉरेन्सच्या लोकांस करवीर ठाऊक नाही. ते या छत्रीस ‘हिंदी माणसाचे स्मारक’ म्हणतात. शेजारी १९७८ साली पुरा झालेला पूलही त्याच नावाने ओळखला जातो. रविवारी तेथील कुटुंबे मुलांसह उद्यानाच्या या टोकापर्यंत फिरत येतात, फेटा बांधलेल्या त्या तरुण मुद्रेकडे क्षणभर पाहतात आणि ऊन उतरण्यापूर्वी माघारी वळतात. नोव्हेंबरात आर्नोवर धुके पसरते, तेव्हा पूल आधी दिसेनासा होतो, आणि मग छत्री.