जुळा सायलेन्सर : मोटारीखालच्या दोन नळ्यांचे शास्त्र आणि कायदा

खानदेश हा रस्त्यांचा प्रदेश आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि त्यातील दुसरा पुढे जळगाव, भुसावळकडे जातो. त्यामुळे धुळ्याच्या महामार्गालगत काय किंवा जळगावच्या अजिंठा चौफुलीच्या परिसरात काय, मालमोटारींचे फुटलेले सायलेन्सर जोडून देणाऱ्या कारागिरांचा तोटा कधीच नव्हता. अलीकडच्या काळात या कारागिरांपुढे निराळेच गिऱ्हाईक येऊन उभे राहते. त्याची मोटार नवी असते, सायलेन्सर शाबूत असतो, आणि तरीही त्याला तो काढून त्याजागी दोन नळ्यांची, म्हणजे दुहेरी एक्झॉस्टची यंत्रणा बसवून हवी असते. या हौसेमागे शास्त्र किती, दिखावा किती आणि धोका किती, याची माहिती एकत्रित स्वरूपात मराठीत क्वचितच वाचायला मिळते.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मागच्या बंपरखाली दोन टोके दिसली म्हणजे यंत्रणा दुहेरी झाली, असे नव्हे. २०१७ मध्ये भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या वेगवान मोटारीला मागे दोन टोके होती. पण तिचे इंजिन एका रांगेतील चार सिलिंडरचे, टर्बो जोडलेले. अशा इंजिनाचा सर्व धूर एकाच वाटेने टर्बोतून बाहेर पडतो, आणि पुढे शेवटच्या डब्यापाशी तो दोहोंकडे विभागला जातो एवढेच. खरी दुहेरी यंत्रणा संभवते ती ‘व्ही’ आकाराच्या इंजिनाला, कारण तेथे सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचा धूर स्वतंत्र नळीने नेता येतो. २०१६ मध्ये भारतात दाखल झालेली फोर्ड मस्टँग जीटी ही आठ सिलिंडरची मोटार त्याचे ठळक उदाहरण होय. ही कल्पनाही फोर्डच्याच एका जुन्या इंजिनाभोवती वाढली. १९३२ साली फोर्डने स्वस्त किमतीत व्ही-८ इंजिन बाजारात आणले, तेव्हा दोन्ही रांगांचा धूर एकाच नळीत आणलेला असे. अमेरिकेतील हौशी तरुणांनी ती जोडणी तोडून दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळ्या टाकल्या, आणि तेथून हा प्रकार लोकप्रिय झाला.

दोन नळ्यांनी ताकद वाढते का? इंजिनाला धूर बाहेर ढकलण्यासाठी जेवढे कमी श्रम पडतील तेवढी शक्ती चाकांसाठी उरते, हे तत्त्व खरे आहे. ‘इंजिनाला थोडा मागचा दाब लागतोच’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य मात्र अर्धसत्य आहे. इंजिनाला दाब नको असतो, वेग हवा असतो. प्रत्येक सिलिंडरमधून धूर सलग नव्हे, तर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. नळी योग्य व्यासाची असेल तर पुढे गेलेला धक्का आपल्यामागे कमी दाबाची पोकळी ठेवतो आणि ती पुढच्या सिलिंडरमधील धूर ओढून घेते. नळी वाजवीपेक्षा जाड झाली की धुराचा वेग मंदावतो, ही ओढ क्षीण होते, आणि शहरात कमी वेगाने चालवताना गाडी पूर्वीपेक्षा मरगळलेली वाटते.

येथे आकडेमोड डोळे उघडणारी आहे. तीन इंची एका नळीचे छेदक्षेत्र सुमारे ७.१ चौरस इंच भरते. सव्वादोन इंची दोन नळ्यांचे मिळून ते ८.० चौरस इंच, आणि अडीच इंची दोन नळ्यांचे ९.८ चौरस इंच होते. म्हणजे सव्वादोन इंची जोडी तीन इंची एका नळीपेक्षा थोडीच मोठी. आणि दोन नळ्यांच्या भिंतींचे घर्षण जास्त असल्याने तो फरकही बव्हंशी वजा होतो. शिवाय दीड मिलिमीटर जाडीची अडीच इंची पोलादी नळी दर मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. दुसऱ्या बाजूची तीन मीटर नळी आणि आणखी एक डबा म्हणजे गाडीने कायमचा वाहायचा बोजा. कारखान्यातून निघालेल्या आधुनिक मोटारीत केवळ मागच्या नळ्या बदलून मिळणारी वाढ चालकाला जाणवेल एवढी क्वचितच असते. बहुतेक गिऱ्हाईक आवाजासाठी पैसे मोजते, हे कारागीरही जाणतात.

आवाजाचे गणित त्यामुळे अधिक महत्त्वाचे. बहुतेक व्ही-८ इंजिनांत एकाच रांगेतील दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात, म्हणून एका नळीतील धक्के विषम अंतराने येतात. दोन्ही नळ्या अखेरपर्यंत अलग ठेवल्या तर तो ओबडधोबड, घुमारेदार आवाज येतो. त्या मध्ये एका आडव्या तुकड्याने इंग्रजी ‘एच’ अक्षराप्रमाणे जोडल्या, किंवा ‘एक्स’प्रमाणे एकमेकींत मिसळल्या, की धक्के वाटले जातात, आवाज गुळगुळीत होतो आणि मधल्या वेगात थोडा जोरही मिळतो. सहा सिलिंडरच्या व्ही इंजिनात धक्के बहुधा दोन्ही रांगांत आलटून पालटून येतात, त्यामुळे अशा जोडणीचा परिणाम तेथे मुख्यतः स्वरावर होतो.

मोठा जाच असतो तो महामार्गावर. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सहा सिलिंडरचे इंजिन सेकंदाला १०० धक्के देते; हाच सूर गाडीच्या पत्र्याशी जुळला तर आत बसणाऱ्यांचे डोके भणभणू लागते. धुळ्याहून नाशिकला जाईपर्यंत हौस फिटते. त्यावर उपाय म्हणून जाणकार कारागीर मुख्य नळीला एका टोकाने बंद अशी आडफांदी जोडतात. तिची लांबी त्या सुराच्या लहरीच्या एक चतुर्थांश, म्हणजे १०० धक्क्यांसाठी सुमारे एक मीटर ठेवावी लागते. मोटारीखाली एक मीटरची जागा शोधणे हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.

प्रत्यक्ष बसवणीत खरी अडचण जागेचीच असते. एका नळीसाठी रचलेल्या मोटारीच्या तळाला एकाच बाजूने खोबण असते. दुसऱ्या बाजूला पेट्रोलची टाकी, इंधनाची नळी, ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल किंवा स्टेपनीचा खोलगट भाग आडवा येतो. एक्झॉस्टची नळी इंधनवाहिनीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नसावी असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. टाकी प्लॅस्टिकची असेल तर अंतर याहून अधिक हवे, आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच. पूर्ण भाराखाली इंजिनाच्या तोंडाशी धूर ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे थंड होण्यास वावही कमी.

तापलेले पोलाद वाढते, ही गोष्ट नवशिक्या मिस्त्र्याकडून हमखास सुटते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाची तीन मीटर नळी ३०० अंशांनी तापली तर जवळपास १५ मिलिमीटर लांबते. ती चेसिसला घट्ट आवळली तर एक तर वेल्डिंग तडकते, नाही तर मॅनिफोल्डला चीर जाते. म्हणून नळी रबरी हँगरवर झुलती ठेवतात, इंजिनाजवळ जाळीदार लवचीक तुकडा देतात आणि बंपर व ॲक्सलपासून दोन बोटे मोकळी सोडतात. ३०४ महाग पडते. ४०९ प्रतीचे स्टेनलेस स्वस्त असते, वरून तांबूस गंजते, पण टिकते. साधा लोखंडी पाइप आतूनच सडतो, कारण एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते आणि छोट्या फेऱ्यांत ते डब्यातच साचते. काही ठिकाणी पाण्याच्या नळाचा जी.आय. पाइप वापरला जातो, तो सर्वथा टाळावा. त्यावरील जस्ताचा मुलामा वेल्डिंगच्या वेळी जळून निघणारा धूर कारागिराला तापाने आजारी पाडतो.

वाकण देताना नळी चेपली गेली तर सारा खटाटोप वाया जातो, म्हणून आत आधार ठेवून वाकवलेली तयार वळणे आणून जोडणे श्रेयस्कर. कारागीर नळ्या मोटारीखाली नुसत्या टाक्यांनी अडकवतो, खुणा करतो आणि मग खाली उतरवून पक्के वेल्डिंग करतो. पेट्रोलच्या टाकीखाली पूर्ण वेल्डिंग करू पाहणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणलेली बरी. टाके मारण्यापूर्वीही बॅटरीची ऋण तार सोडवणे आवश्यक असते, अन्यथा इंजिनाचा संगणक जळण्याची भीती. स्टेनलेससाठी आर्गॉन वेल्डिंग करावे व नळीच्या आतही आर्गॉन भरावा. नाही तर सांध्याच्या आत काळी साखर धरल्यासारखा खडबडीत थर येतो. अन्नप्रक्रिया यंत्रांची कामे करणारे फॅब्रिकेटर या बाबतीत मोटार मिस्त्र्यांपेक्षा सरस असतात.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निरुपद्रवी करतात. दोन रांगांच्या इंजिनाला दोन कन्व्हर्टर आणि बहुधा चार ऑक्सिजन सेन्सर लागतात. त्यांची जागा बदलली की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटतो आणि पी.यू.सी. चाचणीत गाडी अडकते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. उन्हाळ्यात काचा लावून, वातानुकूलन चालू ठेवून प्रवास करणाऱ्या कुटुंबाला सांध्यातील गळती डोके दुखू लागेपर्यंत कळत नाही. नळ्यांची टोके बंपरच्या कडेबाहेर काढण्याचे कारण हेच. गाडीमागच्या कमी दाबाच्या पोकळीत धूर फिरतो आणि डिकीच्या रबरातून आत शिरू शकतो. शेताच्या बांधावर वाळक्या गवतावर किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांवर अशी गाडी उभी करणे तर आगीला आमंत्रण. आणि खाली लोंबणारी नळी गावोगावच्या गतिरोधकांवर पहिल्याच दिवशी घासते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय वाहन परवाना तीन महिने अपात्र. नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीसाठी चालत्या गाडीच्या आवाजाची ७४ डेसिबलची मर्यादा एप्रिल २००५ पासून कारखान्यांना लागू झाली. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. त्यांत बुलेटचे अधिक होते, पण नियम मोटारींनाही तोच. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आड येऊ शकतो, हे अनेकांना तेव्हाच उमगते.

म्हणून काम देण्यापूर्वी धुळे किंवा जळगावच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. मोटार शर्यतीच्या मैदानापुरती असेल तर गोष्ट वेगळी. काम झाल्यावर थंड इंजिन सुरू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडावे; बुडबुडे आले तेथे गळती आहे. पाचेकशे किलोमीटरनंतर सर्व फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण पॅकिंग बसते आणि बोल्ट सैल होतात. काढलेला मूळ सायलेन्सर, कन्व्हर्टरसह, भंगारात न घालता घरी जपून ठेवावा. गाडी विकताना किंवा नोंदणीचे नूतनीकरण करताना तोच पुन्हा लावावा लागतो.