महाडचे दोन ठराव आणि एक मानपत्र

मंडळी, मागे एका खाडीकाठच्या गावी शिक्षकांच्या मेळाव्यात बोलण्याचा योग आला. विषय होता अस्पृश्यता-निवारणाचा इतिहास. भाषण संपले, चहा झाला, आणि मागच्या बाकावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. म्हणाले, "सर, ज्यांच्या ओटीवर आमच्या बापाला कधी बसू दिलं नाही, त्यांची मुलं आता म्हणतात, आम्ही बदललो. बरं, बदलले असतील. पण मग आम्ही सगळं इसरायचं का?"

मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. इतिहासाच्या माणसाची खोड अशी की, प्रश्न पडला म्हणजे तो मागे पाहतो. आणि या प्रश्नासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, सावित्री नदीच्या काठी, महाड आहे.

आज आपण ज्याला रायगड जिल्हा म्हणतो, त्याचे नाव 1981 पर्यंत कुलाबा होते. त्या काळी महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसाने ओंजळ बुडवायची नाही असा रिवाज होता. 1923 साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, शाळा, धर्मशाळा अशी सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली असावीत, असा त्याचा आशय. त्याला अनुसरून जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. हा आपल्या कथेतला पहिला ठराव.

ठराव झाला, पण तळ्यावर गेले कोण? कोणीच नाही. तीन वर्षे तो दप्तरात पडून होता. नियम बदलला होता, पण रिवाज जागच्या जागी होता.

मग 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. जवळच्याच दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी अपार खटपट केली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवले की, आता इथूनच सर्वांनी तळ्यावर जावे. हजारोंचा जमाव शिस्तीने निघाला. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, मागोमाग लोकांनीही केले.

दोन-तीन तासांत गावात कंडी पिकली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. काठ्या निघाल्या. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. चिडलेले तरुण उलट वार करायला तयार होते; बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे 108 घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपलाच 1924 चा ठराव रद्द केला. हा दुसरा ठराव.

शिक्षक मित्रांनो, मुलांना हा धडा शिकवताना इथे जरा थांबा. जो बदल कागदावर होतो आणि ज्याची कोणाला झळ लागत नाही, तो पहिल्या धक्क्याला माघारी जातो. पूर्वग्रह गेला की नाही, हे शांततेत कळत नाही. समोरचा माणूस आपला हक्क घ्यायला प्रत्यक्ष पाणवठ्यावर येतो, तेव्हा कळते.

पण त्याच महाडात याची दुसरी बाजूही दिसते. तळ्यावर चला म्हणणारे चित्रे कोण? चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. नगरपालिकेचे त्या वेळचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हेही त्याच जातीचे, आणि तेही या चळवळीच्या बाजूने. डिसेंबरच्या परिषदेत, 25 तारखेस, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे तर ब्राह्मण. ज्या समाजात ही माणसे वाढली, त्या समाजाने विटाळ हा धर्म मानला होता. त्यांनी तो टाकला, आणि टाकल्याचे नुसते सांगितले नाही. आपल्या जातभाईंचा रोष पत्करून उघड उभे राहिले. पुढे 1937 च्या निवडणुकीत टिपणीस आणि चित्रे हे दोघेही बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेवर गेले. दहा वर्षांनीही ते त्याच बाजूला होते.

आता बाबासाहेबांनी काय केले, ते पाहा. डिसेंबरच्या सत्याग्रहापूर्वी ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की, ब्राह्मणांना यात घेऊ नये. बाबासाहेबांनी अट नाकारली. आपले भांडण ब्राह्मणांशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, अशी त्यांची भूमिका होती. जो बदलला, त्याला जन्मावरून बाहेर ठेवायचे तर आपणही तोच विटाळ पाळला असे होईल, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून त्यांनी सगळे सोडून दिले का? मुळीच नाही. 12 डिसेंबर 1927 रोजी काही सवर्ण मंडळींनी तळे खासगी असल्याचा दावा दिवाणी कोर्टात लावला आणि मनाई हुकूम मिळवला. डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडास आले. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. हुकूम मानून तळ्यावरचा सत्याग्रह तेवढा तहकूब झाला, पण कोर्टातली लढाई चालू राहिली. खालच्या कोर्टापासून वर, अखेर मुंबई हायकोर्टापर्यंत. 17 मार्च 1937 रोजी हायकोर्टाने निकाल दिला. मज्जावाचा रिवाज अनादी काळापासून असल्याचे वादींना शाबीत करता आले नाही, आणि तळे खुले राहिले. एका ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

यानंतर, 19 मार्च 1940 रोजी, बाबासाहेब पुन्हा महाडास आले. तेव्हा त्याच नगरपालिकेने, वकील विष्णु नरहरी खोडके अध्यक्ष असताना, त्यांना मानपत्र अर्पण केले. ज्या संस्थेने 1927 साली तळे बंद केले, तिनेच तळे खुले करणाऱ्याचा गौरव केला.

कोणी म्हणेल, कोर्टात हरल्यावर मानपत्र देण्यात काय मोठेपणा? शंका रास्त आहे. हरल्यावर सुचलेले शहाणपण आणि मार खाण्याची तयारी ठेवून घेतलेली बाजू, यांचे मोल सारखे नाही. टिपणीस-चित्र्यांच्या पंक्तीला मानपत्र बसवता येणार नाही. तरी पण उशिरा का होईना, एका गावाने आपली चूक चारचौघांत फिरवली, हेही खोटे नाही.

बाबासाहेबांनी ते मानपत्र स्वीकारले. पण 1935 साली येवल्यास केलेली धर्मत्यागाची घोषणा काही मागे घेतली नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हात पुढे करणाऱ्याचा हात त्यांनी झिडकारला नाही, आणि त्या हाताच्या बदल्यात आपला हिशेबही मिटवून टाकला नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना आज मी एवढेच सांगेन. बाबा, माणूस बदलतो; महाडने ते दाखवले आहे. जो खरोखर बदलला, त्याला दार उघडे ठेवावे. पण दार उघडे ठेवणे आणि दावा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा ही ज्याने सोसले त्याची ठेव. ती कोणी मागून घ्यायची नाही, आणि माझ्यासारख्या तिऱ्हाइताने तर त्याच्या वतीने मुळीच वाटायची नाही. जो 'मी बदललो' म्हणतो, त्याने आधी आपल्या गावचा पाणवठा, देऊळ, स्मशान, पंगत यांकडे पाहावे. तिथे अजून कोणाला बाजूला उभे राहावे लागत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे. समोरच्याने क्षमा केली तर ठीक. नाही केली, तरी तिथून हलू नये.

आणि इसरायचं का म्हणता? नाही. चवदार तळ्याच्या काठी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि दर 20 मार्चला लोकांची रीघ लागते. तुमच्या शाळेची सहल महाडास गेली, तर मुलांना त्या काठावर न्या आणि तळे उघडल्याच्या ठरावाबरोबर ते बंद केल्याचा ठरावही त्यांना सांगा.