वेताळ आणि पहिले वाचन

भुताखेतांच्या गोष्टी मुलांच्या हाती द्याव्यात काय, हा प्रश्न शिक्षकवर्गात वेळोवेळी निघतो आणि बहुधा नकारार्थी उत्तर देऊन मिटविला जातो. बेळगाव-निपाणी भागात अध्यापन करीत असता आम्हांस या उत्तराविषयी शंका वाटत आली आहे; आणि मराठी बालवाचनाचा इतिहास पाहिल्यास ती दृढच होते.

मुंबई इलाख्यात शालोपयोगी पुस्तके नव्याने तयार होत असता सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' आणि १८३० मध्ये 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. ज्या लेखणीने मुलांना नीतिकथा दिल्या तिनेच वेताळही दिला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

वेताळकथेची जुनी घडण नवशिक्या वाचकास विशेष अनुकूल आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त ती आढळते: राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो, राजाने उत्तर देताच तो पुन्हा झाडावर जातो. प्रत्येक खेपेस तेच झाड, तोच खांदा, तेच शब्द. पुनरावृत्तीने अक्षरे ओळखीची होतात आणि भय पान उलटावयास लावते. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनसाठी मुलांची जी सोपी पुस्तके निघतात त्यांचे मर्म हेच. आल्विन श्वार्ट्झ यांचे 'इन अ डार्क, डार्क रूम' हे १९८४ चे पुस्तक नवशिक्या वाचकांच्या मालेतच निघाले, आणि त्याच्या नावातच शब्दाची पुनरुक्ती आहे.

आमच्या सीमाभागात या कथेस आणखी एक महत्त्व आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथील मराठी मुलास घरी एक भाषा आणि कचेरीच्या पाटीवर दुसरी, अशा स्थितीत वाढावे लागले. त्याच काळात मद्रासहून निघणारे एकच मासिक मराठीत 'चांदोबा' आणि कन्नडमध्ये 'चंदमामा' या नावाने घरोघर येत असे. विक्रम-वेताळाचे चित्र दोन्हींत एकच. खालची लिपी तेवढी निराळी. खांद्यावर प्रेत घेऊन तलवारीसह चालणारा राजा पाहिल्यावर कन्नड पानावर काय लिहिले असेल, हे मराठी मूल निम्मे ताडू शके. मोठ्यांच्या वादात अडकलेली सीमा वेताळाने विनासायास ओलांडली होती.

१९९० नंतरच्या दशकात कर्नाटकात रात्री दार ठोठावणाऱ्या भुताची आवई उठली आणि लोकांनी दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहिले. भूत ते वाचते, परत जाते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते, अशी समजूत. भुतासही साक्षर मानणाऱ्या समाजाने अक्षराच्या सामर्थ्याची याहून मोठी कबुली कोणती द्यावी? भिंतीवरचे ते दोन शब्द वाचण्याची निकड पहिलीतल्या कोणत्याही धड्यास क्वचितच लाभत असेल.

अशा गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. तथापि वेताळाची गोष्ट भयाशी थांबत नाही. अपराधी कोण, श्रेष्ठ त्याग कोणाचा, असा न्यायाचा प्रश्न ती विचारते, आणि भ्यालेल्या मुलास विचार करावाच लागतो. घाटापलीकडे आरवलीस तर वेतोबा ग्रामरक्षक म्हणून पुजला जातो. तेव्हा वेताळ म्हणजे केवळ भीती, असे आमची परंपराही मानीत नाही.

'चांदोबा' आता निघत नाही. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या मातेचे मूल घरात पहिलेच अक्षर गिरवीत असते, आणि त्याच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक बहुधा नसते. एका पानावर मराठी, समोर कन्नड, मोठा टाइप, थोडी वाक्ये आणि शेवटी वेताळाचा प्रश्न, अशी छोटी पुस्तिका शिक्षकांनी व साहित्यसंस्थांनी मिळून सिद्ध करावी, एवढीच आमची विनंती आहे. प्रश्नाचे उत्तर मुलाने कोणत्याही भाषेत दिले तरी वेताळाची हरकत असणार नाही, आपलीही नसावी.