‘चित्रा’चे तेल : मुंबईच्या समुद्रातले न दिसणारे प्रदूषण

१/ ७ ऑगस्ट २०१०, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंदराच्या मुखाशी दोन जहाजांची टक्कर झाली. न्हावा-शेवाहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि बंदरात येणारे ‘खलिजिया-३’. ‘चित्रा’ एका कुशीवर कलंडले. त्याच्या टाक्यांत अडीच हजार टनांहून अधिक इंधन होते आणि त्यावर बाराशेहून अधिक कंटेनर लादलेले होते.

२/ सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. शेकडो कंटेनर पाण्यात कोसळले; काहींत कीटकनाशके होती. दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले.

३/ सांडलेले तेल एकसंध राहत नाही. बेंझीनसारखे हलके घटक लवकर हवेत उडतात. नॅप्थलीनसारख्या बहुवलयी संयुगांचा काही अंश पाण्यात विरघळतो. उरलेले जड तेल लाटांत घुसळून चिकट लगदा होते. तवंग विरला, म्हणजे तेल संपले असे नव्हे.

४/ तटरक्षक दलाने तवंगावर तेल फोडणारे रसायन फवारले. या उपायाला जुना इतिहास आहे. १९६७ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅन्यन’ हे टँकर फुटले, तेव्हा सुमारे १०,००० टन अपमार्जके वापरली गेली. अनेक ठिकाणी तेलापेक्षा त्या अपमार्जकांनीच किनाऱ्यावरील जीव अधिक मारले.

५/ पुढची रसायने बरीच सौम्य झाली. मूळ क्रिया मात्र तीच. पृष्ठभागावरचे तेल सूक्ष्म थेंब होऊन खालच्या पाण्यात मिसळते. पक्षी आणि किनारा वाचतो, पण मासळीच्या अंड्यांचा व पिल्लांचा धोका वाढतो.

६/ मुंबईच्या खाड्या गाळाच्या. तेलाचे कण गाळाला चिकटून तळाशी बसतात आणि भरती-ओहोटीने पुन्हा ढवळले जातात. चिखलातून वर आलेल्या तिवरांच्या श्वसनमुळांवर तेलाचा थर बसला, की झाड गुदमरते.

७/ नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर होती. पावसाळी बंदी संपून कोळी बांधवांच्या होड्या दर्यात उतरण्याची ती वेळ. नेमक्या त्याच दिवसांत ग्राहक मासळीकडे पाठ फिरवू लागले.

८/ वर्षभरात, ४ ऑगस्ट २०११ रोजी, कोळसा वाहणारे ‘राक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले. त्याचे तेल जुहूच्या वाळूपर्यंत आले. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई देण्याचा आदेश दिला.

९/ अशा खटल्यांत एक प्रश्न अटळ असतो : अपघातापूर्वी हे पाणी कसे होते? मुंबईच्या खाड्यांत सांडपाणी, कारखाने आणि जहाजांचे तेल आधीपासूनच मिसळत आले आहे. म्हणून शांत काळात नियमित घेतलेले पाण्याचे व गाळाचे नमुने हाच मच्छीमाराच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.